पालखीच्या दिवशीचं धुकं

आमच्या भागातल्या शाळांमध्ये मला अधूनमधून भाषणाला बोलावतात. गावची मुलगी प्रवासी विमान चालवते म्हटल्यावर शाल-श्रीफळ आलंच. मीही आढेवेढे घेत नाही. मिरवायला कुणाला आवडत नाही? भाषण ठरलेलं असतं. विमान उतरवताना धावपट्टी दिसली नाही, वारा फिरला, बेत जमेना, तर मुकाट्याने पुन्हा वर जायचं, त्यात लाज कसली? समुद्रात फळी घेऊन लाटेवर उभं राहायला शिकले तेव्हाही तेच कळलं. जी लाट आपली नाही ती सोडायची, मागून दुसरी येतेच. मुलं टाळ्या वाजवतात, मुख्याध्यापक आभार मानतात आणि मी नारळ पिशवीत टाकून घरी येते. यंदाच्या शिमग्यानंतर मात्र दोन शाळांची बोलावणी आली आणि मी दोन्हीकडे काहीतरी थाप मारून टाळलं.

बाबा जन्मभर बोटीवर होते. मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागले आणि त्याच नोकरीत म्हातारे झाले. शिमग्याला ते घरी असायचे क्वचितच. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ती अंगणाच्या तोंडाशी आली की घरच्या कर्त्या पुरुषाने पुढे होऊन खांदा द्यायचा आणि देवीला आत आणायचं, असा रिवाज. बाबा समुद्रावर, म्हणून हा मान काकांनी सांभाळला. बाबा कायमचे घरी आले तरी काका थोरले, तेव्हा मान त्यांचाच. यंदा काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी आपणहून सांगितलं, "आता तू घे रे खांदा." सत्तरी उलटल्यावर बाबांच्या वाट्याला पहिल्यांदा पालखी आली होती.

त्या वेळी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे मुंबईत होते. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं. शहाण्या माणसाने त्यांना आदल्या दिवशी रेल्वेत बसवून दिलं असतं. पण मला अवदसा आठवली. पालखीच्याच दिवशी सकाळी मी गोव्याला विमान नेणार होते, तिथून पुढे माझी रजा. बाबांना त्याच विमानात बसवायचं, गोव्याहून गाडी करून दुपारपर्यंत घर गाठायचं. पालखी आमच्याकडे संध्याकाळी यायची होती.

"अगो, रत्नागिरी ओलांडून गोव्याला जायचं नि मग परत मागे यायचं?" आई फोनवर म्हणाली. "रेल्वेने काय घोडं मारलंय?"

शिमग्यात तिकिटं मिळत नाहीत, असं मी ठोकून दिलं. खटपट केली असती तर मिळालं असतं. लेकीने बापाला स्वतःच्या विमानातून पालखीला आणलं, हे मला गावात ऐकायचं होतं. बाबांनाही ऐकायचं होतं. दोघंही एकाच माळेचे मणी.

त्या सकाळी बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून विमानात बसले. कप्तान आपली लेक आहे हे त्यांनी आजूबाजूच्या सगळ्यांना सांगून टाकल्याचं हवाई सुंदरीने मला हसत हसत कळवलं. मीही कमी नाही. नेहमीची घोषणा करताना शेवटी जोडलं की आज माझे बाबा पहिल्यांदाच माझ्या विमानात बसलेत आणि आम्ही गावच्या पालखीला निघालोय. मागे टाळ्या वाजल्या. बंद दारातूनही त्या मला ऐकू आल्या.

गोव्याचा विमानतळ सड्यावर, म्हणजे उंच कातळी पठारावर आहे आणि तिथे फाल्गुनात कधीकधी सकाळी दाट धुकं बसतं. त्या दिवशी ते उठायचं नावच घेईना. अशा वेळी नियम सोपा आहे. एका ठरलेल्या उंचीपर्यंत खाली यायचं. तिथे धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर त्याच क्षणी वर. पहिल्या खेपेला दिसली नाही. मी वर गेले. त्यात विशेष काही नव्हतं, पूर्वीही कितीदा गेलेय.

एरवी मी वर घिरट्या घालत धुकं निवळायची वाट पाहिली असती. त्या दिवशी लगेच पुन्हा खाली निघाले. तशी मुभा असते, म्हणून कुणी हटकलं नाही. सहवैमानिकाने एकदा माझ्याकडे बघितलं, इतकंच. दुसऱ्या खेपेला ठरलेली उंची आली. समोर नुसतं पांढरं. आणि माझा हात हलला नाही. एक श्वासभर मी तशीच खाली येत राहिले, कारण डोळ्यांसमोर धावपट्टी नव्हती, अंगण होतं. शेजारून सहवैमानिक जवळजवळ ओरडलाच, "गो-अराउंड!" तेव्हा कुठे हात चालला आणि विमान पुन्हा वर गेलं.

मुंबईला परत आलो. माझ्याकडून काय झालं ते मी त्याच दिवशी लिहून कळवलं. वरिष्ठांनी पुढे जे सुनावायचं ते सुनावलं, सरावाला पुन्हा बसवलं. तो भाग रीतसर पार पडला. दुपारी आम्ही तेच विमान, तीच माणसं घेऊन पुन्हा निघालो आणि लख्ख उन्हात उतरलो. बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या खेपेला का होईना, जमलं हो!" बाबा त्यांच्या मागेच होते. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

गाडीत ते मधूनमधून फक्त किती वाजले ते विचारायचे.

दिवेलागण होऊन गेली तेव्हा पोचलो. अंगणात गुलाल सांडलेला, फुलं तुडवलेली, आणि ढोल पलीकडच्या वाडीत वाजत होता. खांदा चुलतभावाने दिला होता, आईने ओटी भरली होती, काही म्हणून अडलं नव्हतं. बाबांनी चपला अंगणाबाहेर काढल्या आणि त्या हातात घेऊनच ते गुलालात उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग गावाला तोंड फुटलं. "काय गो, विमान रस्ता चुकला काय?" "आमचा रिक्षावाला पन एका फेरीत सोडतो हां!" शिमग्याचे दिवस, त्यात थट्टा करायचा तर हक्कच. मी हसून घेतलं. बाबांना हसता आलं नाही. ज्या लेकीचं त्यांनी सगळ्या बंदरांवर कौतुक सांगितलं होतं, तिला विमान उतरवता आलं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला सहाणेवर घेऊन गेले. सहाण म्हणजे पालखी विसावते तो चौथरा. बाबांनी नारळ ठेवला आणि मानकऱ्यांनी खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराचा काल पालखीचा खांदा चुकला. विमान धुक्यात अडाकला. तर ह्याच्या लेकीच्या हाताला यश दे. फुडल्या खेपेस धुका असो, पाऊस असो, तिचा विमान खाली उतरल असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव एका आवाजात म्हणाला. त्यात सगळ्यात मोठा आवाज बाबांचा.

 नको, असं काही मागू नका, असं ओरडावंसं वाटलं. मी हात जोडून उभी राहिले आणि प्रसादाची खोबऱ्याची कातळी तोंडात टाकली.

तिथून घरी येऊन मी फळी उचलली आणि समुद्रावर गेले. डोकं ठिकाणावर नसताना पाण्यात जाऊ नये हे मला माहीत होतं. पहिलीच लाट अंगावर फुटायला आलेली, सोडायची होती. मी तिच्यावर चढायला गेले. फळीचं टोक पाण्यात घुसलं, मी तोंडावर आपटले, हनुवटी फुटली. खडकावर कालवं काढणाऱ्या बायका कोयते थांबवून बघत राहिल्या. रक्त पुसत वर आले तर बाबा वाळूत उभे. काळ्या चष्म्यामुळे त्यांचा चेहरा वाचता येईना.

"लागला काय गो? दाखव."

"बाबा, मला तुम्हाला सांगायचंय," मी म्हटलं. "मला विमान उतरवता आलं नाही, त्याची लाज वाटत नाही मला. न उतरणंच बरोबर होतं. दुसऱ्या खेपेला मी वेळेवर वर गेले नाही, त्याची वाटते. जायला हवं होतं त्या क्षणी मी थांबले."

"कशाला?"

"तुम्ही मागे बसला होतात म्हणून. पालखी चुकेल म्हणून."

ते खाली वाळूत बसले. 

"विमानात माझ्या बाजूला एक बाई व्हती," ते म्हणाले. "तिच्या मांडीवर लहान पोर. तू माझा नाव घेतलंस ना, तेव्हा मी त्या पोराचे हात धरून टाळ्या वाजवल्या." मग म्हणाले, "नि सकाळी मी देवीकडे काय मागून आलो गो? धुका असला तरी खाली उतर?"

मला रडू फुटलं. त्यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. खिशातला रुमाल काढून माझ्या हनुवटीला लावला, माझा हात धरून त्याच्यावर ठेवला.

"आता मी तुझ्या विमानात बसायचा नाय," ते म्हणाले. "मी आत असलो की तुला दुसरा कोन दिसत नाय. मी रेल्वेने येईन."

ते रागावून बोलले असते तर मी भांडले असते. आमच्या घरात भांडायला कुणी कमी नाही. पण ते मला समजावत होते, माझ्या लहानपणी बोटीवर जाताना समजावायचे त्याच आवाजात. मी वैमानिक व्हायला निघाले तेव्हापासून त्यांना माझ्या विमानात बसायचं होतं. नाही हो बाबा, पुन्हा असं होणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते पुन्हा आत बसले तर माझा हात वेळेवर हलेल, असं मला छातीठोकपणे सांगता येईना.

"बरं," मी म्हणाले. "रेल्वेनेच या."