याडीचा अंगठा

शाळा उघडायचा आदेश मोबाइलवर आला तेव्हा मी वऱ्हांड्यात फिनेल टाकत होतो. कोरोनामुळे दहा महिने शाळा बंद होती. त्यातले दोन महिने हायवेनं हैदराबादकडून चालत आलेल्या माणसांना तिथं चौदा-चौदा दिवस ठेवलं होतं. पाचवीच्या वर्गात त्यांनी कोळशानं रेघा मारून दिवस मोजले होते, फळ्याच्या अगदी बाजूला. त्या पुसायचं माझं मन झालं नाही.

आदेशात लिहिलं होतं, पाचवीपासूनचे वर्ग सुरक्षितपणे सुरू करा. सुरक्षितपणे! ज्यानं हा शब्द लिहिला त्याला एकदा आमच्या तांड्यावर आणून बसवायला पाहिजे होतं. हातपंप कोरडा खडखडत होता आणि पोरांचे हात वीस-वीस सेकंद धुवायचे होते. ताप मोजायची बंदूक चार शाळांत मिळून एक, तीही उन्हात धरली की धडधाकट पोराला ताप दाखवायची.

केंद्रप्रमुखांच्या मीटिंगमध्ये मी उठून विचारलं, "साहेब, पोरांचं सोडा. ते घरी जाऊन आजीच्या गोधडीत घुसतात. मायबाप मिरची तोडायले तेलंगणात गेले, घरी म्हातारेच आहेत. त्यांचं काय?"

"सर, मलेही सत्तर वर्षांची माय आहे," साहेब म्हणाले. "पण तुम्ही प्रश्न कायले विचारता? संमतीपत्र भरून घ्या. उद्या संध्याकाळपर्यंत सगळे पाहिजेत."

मला चीड आली, पण त्या माणसाची कीवही आली. मी खाली बसलो.

आमची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पांढरकवड्यापासून आत आमच्या या तांड्यावर कोणताही सरकारी कागद आला की तो मास्तरच भरतो. मतदार यादी असो, रेशन असो, आधार असो, पोराची शिष्यवृत्ती असो. घरोघर फिरायचं, नाव-गाव आपणच लिहायचं आणि स्टॅम्पपॅड पुढं करून म्हणायचं, "इथं अंगठा लाव." लोक लावतात. कागदात काय आहे ते कोणी विचारत नाही. पंधरा वर्षं याचा मला अभिमानच होता. माझ्यावर भरोसा आहे, असं मी पाहुण्यारावळ्यांत सांगायचो.

सगळ्या मास्तरांचे नाकातले स्वॅब दोन दिवस आधी पांढरकवड्याच्या दवाखान्यात घेतले होते. माझा रिपोर्ट यायचा होता. घसा जरासा खवखवत होता. घरच्या तुरी काढल्या होत्या, म्हटलं भुसा गेला असेल. रिपोर्ट येईपर्यंत मास्तरनं शाळेत पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. लोकांच्या घरात पाय ठेवायचा नाही, असं कुठंच लिहिलं नव्हतं. म्हणून बंद शाळेसमोर गाडी लावून मी तांड्यात शिरलो. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात का आली नाही, देव जाणे. की आली होती आणि मीच तिला बाजूला सारलं? आजही नक्की सांगता येत नाही.

याडीचं घर तांड्याच्या टोकाला. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, पण हिला सगळा तांडाच याडी म्हणायचा, मीही म्हणायचो. पाचवीतली माझी एक पोरगी तिची नात. मायबाप दिवाळी झाली की खम्ममकडे मिरचीला जायचे ते होळीलाच परतायचे. तोवर त्या पोरीला याडीशिवाय कोणी नव्हतं. तिची वेणी, तिची भाकर, तिचा ताप, सगळं याडी पाहायची.

मी गेलो तेव्हा ती अंगणात काठीनं तुरीच्या शेंगा झोडत बसली होती. तांड्याचा नायक असो की तहसीलदार, ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. मी दुरून बोलायला लागलो तशी ती खेकसली, "ते मुसकं काढ पहिले! तोंड दिसल्याशिवाय मले ऐकू येत नाही, मालूम नाही का तुले?"

मालूम होतं. तिचे कान जाऊन वर्षं झाली होती, ती ओठ पाहून समजायची. मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो.

कागद काढला तर ती नातीला म्हणाली, "तू वाच वं. दहा महिने घरी बसली, अक्षरं आहेत का गेले, पाहू दे."

पोरगी खुशीत आली. कागद मांडीवर घेतला, मी शिकवलं तसं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. "मी... खाली... सही... कर-णार..." अडखळत होती. एके काळी वर्गात सगळ्यांत भरभर वाचणारी ही पोरगी. मला अजून अकरा घरं करायची होती आणि ऊन चढत होतं. "राहू दे, बेटा, मी सांगतो," म्हणून मी तिच्या हातातून कागद घेतला.

"याडी, शाळा सुरू होऊन राह्यली. पोरीले पाठवायले तुई हरकत नाही, एवढंच आहे याच्यात."

त्यात एवढंच नव्हतं. खाली जबाबदारीची एक ओळ होती. सकाळपासून प्रत्येक घरात मी ती गाळत आलो होतो, कारण ती वाचायची मला लाज वाटत होती.

"पोरीले काही होणार नाही ना?" तिनं माझ्या ओठांकडे पाहत विचारलं.

"मी आहो ना, याडी."

तिनं अंगठा पुढं केला. काम करून करून इतका गुळगुळीत झालेला, की शाई धरेना. पहिला ठसा नुसता डाग उमटला. मी तो अंगठा खिशातल्या दस्तीनं पुसला, दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा दाबून उमटवला. मग तिनं दिलेला चहा प्यालो आणि पुढच्या घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. मी पॉझिटिव्ह होतो.

माझं काही बिघडलं नाही. दोन दिवस ताप आला आणि गेला. याडीला आठव्या दिवशी धाप लागली. यवतमाळला नेली, ती परत आलीच नाही. कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. तोंडाला मास्क लावलेल्या नर्सा तिच्याशी काय बोलत असतील, तिला एक शब्द तरी समजला असेल का, हे माझ्या डोक्यातून जात नाही. लेक-सून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पोरगी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून राहिली. त्या दिवसांत तिला जवळ घ्यायलाही लोक भीत होते. आणि शाळा? महिना व्हायच्या आत पुन्हा बंद झाली.

मला भेटायला आलेले म्हणाले, "कोणाकडून लागलं ते कोणाले माहीत, सर? हवेतच होतं." असेलही. मी मान हलवायचो. पण तो अंगठा मी धरला होता, हवेनं नाही.

तांड्यातल्या कोणीतरी तक्रार केली, मास्तरनं बिमारी आणली म्हणून. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कोणीतरी मला शिव्या घाला, सस्पेंड करा, काहीतरी करा, असं झालं होतं. चौकशीला साहेब आले. संमतीपत्रांची फाइल उघडली, याडीचा कागद शोधला, ठसा पाहिला आणि फाइल मिटली. "अंगठा स्पष्ट आहे. तुम्ही मोकळे," ते म्हणाले. मी दुसऱ्यांदा दाबून उमटवला होता, म्हणून स्पष्ट होता.

सातवी पास झाल्यावर ती पोरगी शाळेचा दाखला न्यायला आली. बाप बाहेर गाडीवर थांबला होता. तिचे कागद शोधताना तीच फाइल माझ्या हातून टेबलावर उघडी पडली. तिनं ठसा लगेच ओळखला. "हा याडीचा आहे ना?" म्हणाली आणि कागद ओढून घेतला. या वेळी मी हात पुढं केला नाही.

तिनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. आता कुठंच अडखळत नव्हती. वाचत वाचत खालच्या ओळीवर आली. "पाल्यास किंवा कुटुंबातील कोणासही संसर्ग झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. शाळा व शिक्षक जबाबदार राहणार नाहीत." शेवटी पूर्णविरामाशी थांबली. मीच शिकवलं होतं थांबायला.

बोट तिथंच होतं. वर न पाहताच ती म्हणाली, "त्या दिवशी मी वाचून राह्यली होती, सर. तुम्ही हातातून घेतला."

"हो," मी म्हणालो.