लाल रेषेच्या आतलं सलून

सख्खी बहीण नसलेला हा माणूस अख्ख्या गल्लीचा मामा होता. नदीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत खाली त्याचं सलून, वर राहायची खोली. बायको गेल्यापासून वर बोलायला कुणी नव्हतं, पण खाली दिवसभर त्याच्या तोंडाला उसंत नसायची. समोरचा कुलूपवाला तर रोज सकाळी दाढीला येई आणि दाढी झाली तरी खुर्चीवरून हलत नसे.

एका वर्षी नदी गल्लीत शिरली. चिखल उपसून होतो न होतो तोच पाटबंधारे खात्याच्या मॅडम नकाशा घेऊन शाळेच्या सभागृहात आल्या. नकाशावर एक लाल रेषा होती आणि सगळी गल्ली तिच्या आत. ही शंभर वर्षांच्या पुराची रेषा, असं मॅडमनी सांगताच मामा उठला.

"मॅडम, तो पूर तर आत्ताच येऊन गेला! आता काळजी माझ्या खापरपणतूने करायची."

सभागृह खदखदून हसलं. मॅडमही हसल्या. "काका, नदी असा हिशेब ठेवत नाही. पिशवीत शंभर गोट्या आहेत, त्यातली एक काळी. दरवर्षी डोळे मिटून एक काढायची आणि परत आत टाकायची. यंदा काळी निघाली म्हणून पुढच्या वर्षी ती पिशवीतून नाहीशी होत नाही. तीस वर्षं इथे राहिलात, तर ती निघायची शक्यता चारात एक."

"आणि रेषेबाहेर राहिलं तर?" कुलूपवाल्याने विचारलं.

"तिथे पिशवी मोठी. पण काळी गोटी असतेच."



पुढे नगरपालिकेने रेषेच्या आतली घरं विकत घ्यायला सुरुवात केली. घर रिकामं झालं की पाडायचं आणि तिथे गवत लावायचं. आधी बेकरीवाला गेला, मग मास्तरीणबाई. शेवटी कुलूपवाल्यानेही मुलाकडे बाडबिस्तारा हलवला.

"तूही चल की," तो म्हणाला.

"माझी गिऱ्हाईकं?"

कुलूपवाल्याने रिकाम्या गल्लीकडे पाहिलं आणि तो टेम्पोत बसला.

मामाने विमा मात्र घेतला. विम्याच्या कचेरीतल्या बाईंनी समजावलं, "घराचा विमा म्हणजे भिंती आणि छप्पर. आतल्या सामानाचा वेगळा काढावा लागतो. आणि पाणी दारात आल्यावर धावत येऊ नका, तो लगेच लागू होत नाही." मामाने दोन्ही काढले. मग सकाळी शटर उघडायचं, खुर्ची पुसायची, रेडिओ लावायचा आणि समोरच्या गवताकडे बघत बसायचं. एकदा त्याने स्वतःचेच केस कापले. नुसता हात चालावा म्हणून.

पाणी पुन्हा आलं तेव्हा तो लेकीकडे होता. परतला तर खुर्चीच्या हातापर्यंत चिखल, आरसा पालथा. विम्याचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, एकेका वस्तूची चौकशी केली. कित्येक दिवसांत दुकानात आलेलं ते पहिलं माणूस. त्याच्या मानेवर केस वाढले होते.

"बसा, दोन मिनिटांत नीट करून देतो. फुकट."

"नको काका, आम्हाला काही घ्यायची परवानगी नसते," असं म्हणत तो घाईने निघून गेला.

पैसे मात्र व्यवस्थित मिळाले. मामाने घर नगरपालिकेला दिलं आणि बस पकडून, हत्यारांची पिशवी घेऊन, शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलूपवाल्याकडे गेला. दार उघडलं तर समोर छातीपर्यंत पांढरी दाढी.

"राहू दे रे आता," कुलूपवाला दाढी कुरवाळत म्हणाला. "नातवंडांना आवडते."

दोघांनी चहा घेतला. नातवंडं मधेमधे येऊन आजोबांना ओढत होती. मामाने पिशवी उघडलीच नाही.

लेक म्हणत होती, "बाबा, आमच्याकडेच राहा." पण दुपारभर लेक-जावई कामावर, आणि बंद घरात हाताला काम नाही. त्याने टेकडीवर एक गाळा भाड्याने घ्यायचं ठरवलं. मालकाकडे आधी पूररेषेचा नकाशा मागितला तेव्हा मालक चक्रावला. "अहो, नदी कुठे नि आपण कुठे!"

"असू दे," मामा म्हणाला. त्याने नकाशा आणवून पाहिला, आणि रेषेबाहेर असूनही सामानाचा विमा काढला. तिथे तो स्वस्त पडला.

टेकडीवर गिऱ्हाईक बरं आहे. मुलं येतात, खुर्चीत बसतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. "मान वर," मामा म्हणतो. मान वर होते. पुढे बोलायला काही सुचत नाही, म्हणून तो कात्री चालवत राहतो.