मजबूत काच

माशांच्या नव्या टाकीतलं जादा पाणी पाइपातून खाली उतरावं, म्हणून टाकी आडवी करून मी तिच्या मागच्या काचेला भोक पाडायला बसलो. काच तापू नये म्हणून शाडूचं आळं करून त्यात पाणी भरलं होतं, पीव्हीसी पाइपही कापून तयार होता. ड्रिल टेकवलं आणि धाडकन आवाज झाला. अख्ख्या काचेची खडीसाखर झाली! हातात ड्रिल गरगरतच राहिलं. बायकोनं धावत येऊन प्लग उपटला.

तसाच टाकी बनवून देणाऱ्या काचवाल्याकडं भांडायला गेलो. तो माझ्याहून मोठ्यानं ओरडला, “पावणं, तुम्हीच म्हणलासा की, मजबूत पायजे! म्हणून भट्टीतली टफन काच बसवली. तिला भोक भट्टीत जायच्या आधी पाडत्यात, नंतर न्हाय! आता कुठली देऊ?”

सवयीनं माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं, “मजबूत.”