उभं राहून बोलायचं

बशीरभाई माझे मित्र होते. हे वाक्य मी ते गेल्यावर लिहितो आहे. ते समोर उभे असताना, भर बाजारात, मला एकदा हेच विचारलं गेलं होतं आणि मी म्हणालो होतो, "तोंडओळख आहे." वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं...

निजामीच्या दिवसांत धाराशिवला तंबूतला सिनेमा त्यांचा होता. मशीन एकच. रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढेपर्यंत लोक शिट्ट्या मारायचे. त्यांना गुंतवायला बशीरभाई पडद्यापुढं येऊन विचारायचे, "बोला, आत्ता यानं केलं ते बरोबर का चूक?" गमतीनं सुरू झालेली ही रीत इतकी रुजली की काही जण रीळ संपायचीच वाट बघत. नियम एकच होता, बोलायचं तर उभं राहून. कुणी बसल्या जागेवरून पुटपुटलं की ते म्हणायचे, "खडे होके बोलो मियां, बैठके तो सब बोलते." मी शाळामास्तर, त्यामुळं त्यांच्या विरुद्धची बाजू बहुधा माझ्याकडं यायची. एकदा संतपट होता. भक्ताची गुरं गेली, मूल गेलं, आता शेवटचं रीळ चढत होतं. बशीरभाई म्हणाले, "आता देव येणार, सगळ्यांना ठाऊक आहे. पण मग इतकी रिळं तो होता कुठं?" मी प्रारब्ध, कसोटी असं काहीबाही सांगितलं. तेरहून भाजी घेऊन येणारी किसनाबाई उठली आणि म्हणाली, "त्याला बी तिकिटाच्या रांगेत हुबं केलं आसंल तुमी!" सगळा तंबू हसला, बशीरभाई सगळ्यांत जास्त. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. खेळ सुटल्यावर मला म्हणाले, "मास्तर, ज्याचं मूल खरंच गेलंय त्याच्या दारात जाऊन ही कसोटीची गोष्ट सांगाल का?"

दुसऱ्या एका बोलपटात भावानं भावाला देशोधडीला लावलं होतं, आणि लुबाडलेला भाऊ आपण होऊन सगळं माफ करून मोकळा झाला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मी उभा राहून म्हणालो, जी मागायला लावत नाही तीच खरी क्षमा. टाळ्या पडल्या. बशीरभाईंनी मान हलवली. "न्हाय मास्तर. न मागता दिली ती मेहरबानी. देणारा मोठा झाला, पण ज्यानं केलं तो होता तिथंच राहिला ना!" वादात हार नको म्हणून बोलतायत, असं मला तेव्हा वाटलं.

निजामी गेली त्या भादव्यात बाहेरची हत्यारबंद माणसं गावात आली. कोण कुणाच्या बाजूचा होता, याचा निवाडा बाजारातच चालला होता. मी कापडदुकानाच्या बैठकीवर होतो. बशीरभाईंना पुढं ढकलून एकानं विचारलं, "मास्तर, ह्यो तुमचा दोस्त ना? कसा हाय माणूस?" मला काय ठाऊक नव्हतं? निजामाच्या बाजूचे दंगेखोर चंदा मागायला आले तेव्हा त्यांना तंबूतून हाकलून देताना मी बशीरभाईंना डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दुकानातले सगळे माझ्याकडं बघत होते... मी बसल्या जागेवरूनच म्हणालो, "तोंडओळख आहे." ती माणसं त्यांना घेऊन गेली.

थंडी सरल्यावर बशीरभाई परत आले. तंबू जळाला होता, मारानं डावा कान बहिरा झाला होता. पुढं गावात पक्कं थिएटर झालं. ते मला हाक मारून सोबत न्यायचे आणि मध्यंतरात विचारायचे, "बोला मास्तर, बरोबर का चूक?" त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मी त्यालाच माफी समजून चाललो. तंबूत टाळ्या मिळवलेलं माझंच तत्त्वज्ञान मला सोयीचं पडलं. मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायचो. एकदा पडद्यावर गाणं चालू असताना त्या कानाशी म्हणालोही, "माझं चुकलं." ते पडद्याकडं बघत राहिले. उजव्या बाजूला जाऊन बसायला मला कुणी अडवलं होतं?

ते गेल्याचं मला उमरग्याला, बदलीच्या गावी, उशिरा कळलं. मातीला पोचलो नाही. चाळिसाव्या दिवसाला गेलो. तंबूतलं एक बाकडं जळायचं राहिलं होतं, ते त्यांच्या अंगणात भिंतीशी होतं. त्यांच्या पत्नी, अमिनाभाभी, म्हणाल्या, "बसा मास्तर, ते रोज इथंच बसायचे." फातिहा वाचून झाली होती, जेवणं व्हायची होती. त्या दिवशी कापडदुकानात असलेले दोघेतिघेही पंगतीला आले होते. मी थोडा वेळ बसलो. बाकड्याच्या एका टोकाची फळी अजून काळीच आहे... मग मी उठून उभा राहिलो.

"भाभी, त्या दिवशी बाजारात मला बशीरभाईंबद्दल विचारलं होतं. मला सगळं ठाऊक होतं. मी भ्यालो आणि तोंडओळख आहे म्हणालो. ते माझे दोस्त होते. माझं चुकलं. मी तुमची सगळ्यांची माफी मागतो."