फुफाजींनी निवडलेला आवाज
आत्याच्या यजमानांना आम्ही फुफाजी म्हणायचो. भिलाईत वाढल्यामुळे काही नाती हिंदीतच जिभेवर बसली होती. नव्वदनंतर त्यांनी नेहरू नगरात घर बांधलं आणि सीडी प्लेअर घेतला. त्यानंतर आमच्या स्टील प्लँटच्या क्वार्टरवर आले, तेव्हा बाबा जुनी, चरचरणारी रेकॉर्ड ऐकत बसले होते. प्लँटच्या रोलिंग मिलच्या आवाजात त्यांचा एक कान गेला होता.

"दादा, भजे तळून राहिले का?" फुफाजी म्हणाले. सगळे हसले. मग मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "तुमाले काय फरक कळणार म्हना! मिलनं एक कान तर खाल्लाच तुमचा."

बाबा घरच्या जावयाला उलटून बोलणारे नव्हते. त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड प्लेअरवर टेबलक्लॉथ टाकला. पुढे कित्येक महिने तो निघालाच नाही.

मी कॉलेजात होते. मनात एकच होतं, या माणसाला चारचौघांतच खाली बघायला लावायचं.

आमची एक सतारीची रेकॉर्ड फुफाजींकडे सीडीवर होती. दिवाळीच्या फराळाला मी त्यांना ती सीडी आणि त्यांचा सीडी प्लेअर दोन्ही आणायला लावलं. त्याआधी सुपेल्याच्या बाजारातून नवी सुई आणली, रेकॉर्ड साबणाच्या पाण्यानं धुतली. सगळे जमल्यावर मध्ये चादर बांधली.

"एक नंबर ऐका, मग दोन नंबर," मी म्हटलं. "सीडी कोणती ते सांगा."

चादरीमागे मी दोन्ही वेळा रेकॉर्डच लावली. दुसऱ्यांदा फक्त आवाज किंचित वाढवला.

"दोन नंबर!" फुफाजींनी मांडीवर थाप मारली. "काचेसारखा साफ! याले म्हन्तेत सीडी."

मी चादर ओढली. रेकॉर्ड फिरत होती, सीडी माझ्या हातात होती. सगळ्यात आधी आत्याच हसली. फुफाजी चिवड्याची प्लेट तशीच ठेवून उठले.

बाबांनी मला स्वयंपाकघरात नेलं. "कावून केलं असं? जावई आहेत ते."

"तुमच्या कानावर बोलले होते ते."

"ऐकलं होतं मी," बाबा म्हणाले. "उद्या जाऊन माफी माग."

खरी सीडी लावली असती तर फुफाजींनी बहुधा ती बरोबर ओळखली असती. म्हणूनच मी ती लावली नाही. त्यानंतर दोन वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत, आत्या एकटीच यायची. बाबांनी तीनदा आठवण करून दिली, तरी मी माफी मागायला गेले नाही.