गोरखची भाची

सुकापूरच्या काशीरामाची बायको मालू स्वतःच्या पोरीच्या धावण्याला घाबरायची. अंगणात संजनाची पावलं धपधप वाजली, की मालूच्या हातातलं काम थांबे. तिच्या धाकट्या भावाची, गोरखची पावलं अशीच वाजत.

मालूचं माहेर द्रोणागिरीजवळ, मिठागरावरचं. गोरख तिथे एका जागी कधी टिकला नाही. शाळेने हाकलला, बापाने बडवला, भगताने मिरच्यांची धुरी दिली. शेवटी आई त्याला घरातल्या खांबाला बांधून कामावर जाऊ लागली. एका दुपारी दोर सोडवून तो पळाला. भरती ओसरल्यावर खाडीच्या बांधाशी सापडला. त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही.

आणि आता ही संजना. हातातलं अर्ध्यावर टाकायची, दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत आपलंच सुरू करायची, वर्गात सारखी उठायची. साल ब्याण्णव-त्र्याण्णवचं. नवीन पनवेलच्या इमारती गावाला येऊन भिडल्या होत्या आणि खडीचे ट्रक दारावरून जात. जमिनीच्या वाटणीवरून काशीरामाची भावाशी रोज जुंपे. घरात भांडण झालं की पोर अधिकच उधळे, मग काशीरामाचा हात उठे. मार खाल्ला की तिला झोप लागत नसे, आणि झोप झाली नाही की सकाळी पुन्हा तेच.

सासू गोदू भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुजा भाऊस परत आलाय गो मालू. पोरीच्या अंगात हाय तो."

मालूला ते खरं वाटलं. पोर निजली की ती तिच्या तोंडाकडे बघत बसे, आणि तिला तिथे गोरखची जिवणी दिसे.

गोदूने भगत बोलावला. दार लावून निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या. संजना खोकायला लागली. गोरखचीच ढास, मधेच अडकणारा तोच श्वास. मालू धुरात शिरली, पोरीला खाकोटीला मारलं आणि तशीच पनवेलला लहान मुलांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, शाळेचं विचारलं, घरातलंही विचारलं. मग म्हणाले, "बाई, हिला कोणी धरलेलं नाही. काही मुलांच्या मेंदूची ठेवणच अशी असते. त्यात कोणाचा दोष नाही. पण मार, आरडाओरडा, अपुरी झोप यानं हा त्रास फार वाढतो, आणि मूल आतून कोमेजतं."

"मंग ही बरी व्हईल?"

"चंचलपणा एकदम जाणार नाही. पण सुखात राहू शकेल. मुंबईलाही एकदा दाखवून घ्या."

काशीराम घरी वाटच बघत होता. "भगताला दारात सोडून गेलीस? लोक काय बोलतील?"

मालू नवऱ्यापुढे कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "माजा बाप पण असाच मारायचा. त्या पोराला मी बांधावर निजलेला पायलाय. तुमाला पायचाय?"

त्यानंतर काशीरामाने पोरीवर हात टाकला नाही असं नाही, पण क्वचित. भावाशी भांडायचं ते तो घराबाहेर भांडू लागला. संजनाचं अंथरूण त्याने स्वतःच रस्त्यापासून लांब, मागच्या खोलीत नेलं. शाळेत वेणूबाईंनी तिला पुढे बसवलं. चुळबूळ वाढली की फळा पुसायला उठवत. मुंबईच्या खेपा झाल्या. वाईट दिवस तरीही यायचे. पण पोरी तिला खेळायला हाका मारू लागल्या, आणि ती घरात हसू लागली.

दिवाळीला मालू माहेरी गेली. आई सुकट निवडत होती. मालूने कौतुकाने सगळं सांगितलं, डॉक्टरचा शब्द न् शब्द. आईचा हात सुपातच थांबला.

"म्हंजे... मारला नसता, बांदला नसता, तर माजा गोरख..."

इतक्या वर्षांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं. आईचे डोळे मालूवरून हलत नव्हते.

"नाय गो आये," मालू म्हणाली. "त्याला बाधाच व्हती. मोठी. तू काय करनार व्हतीस?"

"बाधाच ना?"

"बाधाच."

पुढे संजना दहावी झाली, लग्न होऊन कोन गावी नांदायला गेली. आई मरेपर्यंत मालूला भेटली की तेच विचारायची, आणि मालू दर वेळी तिचा हात धरून हो म्हणायची.