उसवलेलं पोलकं

परवा लांज्याच्या बाजारात भरतकामाच्या दुकानातून तापलेल्या मशीनतेलाचा वास आला आणि सुरेखाचं दुकान आठवलं. रिंगमध्ये ताणलेलं कापड मशीनच्या सुईखाली हातांनी फिरवत फुलं भरायला तिला माझ्या आईनेच शिकवलं होतं. एकदा आपल्या लेकीला दाखवते म्हणून तिने आईचं लग्नातलं पोलकं नेलं. आम्ही ते आणायला गेलो, तर ते उसवून कॉम्प्युटरशेजारी सपाट पसरलेलं होतं. आईने भरलेली सुरंगीच्या फुलांची वेल नवं मशीन ओळीने ब्लाउजांवर भरत होतं.

"शिवणच उसवलीय हो काकू, परत घालून देते," सुरेखा हसत म्हणाली.

"शिवण मी घालीन गो. विचारायचं होतंस."

तेव्हा मला ते पोलक्याचं भांडण वाटलं. पुढे सुरेखा नवा टाका शिकायला घरी आली. आईने तिला चहा दिला आणि आपल्या मशीनवर झाकण घातलं.